‘पेरलेला असणार’

दुर्बीण हवाईत, मौना केआवर, समुद्रसपाटीपासून ४२०० मीटर उंचीवर. मी कोथरूडमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. तिथे मध्यरात्र असते तेव्हा इथे दुपारचे साडेतीन. खगोलशास्त्रज्ञ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दुर्बिणीला डोळा लावलेली बाई येते. मी गेली चार वर्षं डोळा लावलाय तो मॉनिटरला.

नेपच्यूनपलीकडे अजून न सापडलेलं काय काय फिरतंय ते शोधायचं, हे आमचं काम. आकाशाच्या एकाच तुकड्याचे तासातासाच्या अंतराने तीन फोटो घ्यायचे. तारे जागचे हलत नाहीत. जे हलल्यासारखं वाटतं ते प्रोग्रॅम वेचून काढतो आणि माझ्यापुढे तीन छोटी चित्रं आलटूनपालटून नाचवतो. मी ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबायचं. एका बैठकीत पाचशे-सहाशे. त्यातला बहुतेक कचरा: वैश्विक किरणाचा फटका, तेजस्वी ताऱ्याभोवतीचं वलय, कॅमेऱ्याच्या चिपवरचा मेलेला स्तंभ.

खरी वस्तू ओळखायची वेगावरून. पृथ्वी पुढे सरकते म्हणून ती मागे सरकल्यासारखी दिसते, धावत्या गाडीतून रस्त्याकडेचं झाड दिसतं तशी. पृथ्वी-सूर्य अंतराच्या ४२ पट लांबची वस्तू तासाला साधारण ३ आर्कसेकंद सरकते. पाच किलोमीटरवर दहाचं नाणं धरलं तर ते जेवढं दिसेल, तो सुमारे एक आर्कसेकंद. जितकी संथ तितकी लांब. आणि जितकी लांब तितकी मंद: सूर्याचा प्रकाश जातानाही विरळ होतो आणि परत येतानाही, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की तेज सोळा पटींनी घटतं.

आता पेरणी. फोटो आमच्याकडे येण्याआधी एक सहकारी त्यात खोट्या वस्तू घालतो. बाकीचे त्यांना फेक म्हणतात, मी पेरलेल्या म्हणते. कुठे, किती, ते पडताळणी करणाऱ्याला कळू द्यायचं नाही. हे खेळ म्हणून नाही. एखाद्या पट्ट्यात काही सापडलं नाही, तर तिथे काही नाही की आम्ही आंधळे आहोत, हे पेरलेल्यांपैकी किती गवसल्या त्यावरूनच सांगता येतं. मला विचाराल तर या मोजमापाशिवाय ‘नववा ग्रह असलाच पाहिजे’ किंवा ‘नसणारच’ असं म्हणणं म्हणजे नुसत्या गप्पा. २०१६ साली बॅटिगिन आणि ब्राउन या खगोलशास्त्रज्ञांनी तो ग्रह गणितात मांडल्यापासून आमच्या सोसायटीतले एक काका दर गणपतीत विचारतात, “काय, मिळाला का?” वर्गणी मागितल्यासारखे.

तर गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. मीन राशीतला तुकडा. चारशेच्या पुढे गेले होते. आई दोनदा म्हणून गेली होती, “अगं, आमटी गार होतेय.” तेवढ्यात तीन ठिपके आले. वेग तासाला १.७ आर्कसेकंद, म्हणजे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ८० पटींच्या आसपास. गोल, स्वच्छ, तिन्हींचं तेज सारखं, एका रेषेत, अंतरं समान.

नको इतके नीट. आमच्या पेरणाऱ्याचा हात असाच आहे, त्याची पेरणी खऱ्यापेक्षा देखणी असते. शिवाय ६०च्या पलीकडचं काही दिसलं की लगेच सगळ्यांना कळवायचं असा नियम आहे, आणि तो पाळून मी आधी दोनदा बोंब मारली होती. दोन्ही वेळा पेरलेलं निघालं. दुसऱ्या वेळी कुणीतरी ग्रुपवर ट्रॅक्टरचं चित्र टाकलं होतं. मी ‘हो’ दाबलं, शेऱ्याच्या चौकटीत ‘पेरलेला असणार’ लिहिलं आणि जेवायला उठले.

त्याच अमावास्येच्या सुमारास तो तुकडा पुन्हा टिपायचा ठरलेला होता. दोन्ही रात्री ढगांत गेल्या. मी बोलले असते तर दुसऱ्या एखाद्या दुर्बिणीकडे तासभर मागता आला असता.

पेरणीची यादी सगळी पडताळणी संपल्यावरच उघडतात. ती जानेवारीत उघडली. त्यात हे तीन ठिपके नव्हते. मी यादी तीनदा चाळली.

जानेवारीत ती जागा सूर्यापासून नव्वदेक अंशांवर आलेली. तिथे पृथ्वीचं सरकणं थेट त्या वस्तूच्या विरुद्ध दिशेला होतं आणि वस्तू जवळजवळ थांबलेली दिसते. एका रात्रीत ताऱ्यांतून वेगळी काढता येत नाही. म्हणजे पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबा. एकाच रात्रीच्या तीन ठिपक्यांवर कक्षा ठरत नाही आणि अशा वस्तूंची जगभरची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडून तात्पुरतं नावही मिळत नाही.

एरिस या जवळपास प्लूटोएवढ्या बटुग्रहाचे फोटो २१ ऑक्टोबर २००३चे. तासाला दीड आर्कसेकंदापेक्षा संथ ते सगळं ब्राउन यांच्या गटाचा प्रोग्रॅम वगळत होता, म्हणून ती जानेवारी २००५मध्ये जुने फोटो पुन्हा तपासल्यावर सापडली. तिथे प्रोग्रॅमला दोष देता येतो. माझ्या बाबतीत प्रोग्रॅमने काम चोख केलं होतं.

परवा ती चित्रं पुन्हा मोठी करून पाहिली. तिसऱ्या फोटोच्या वेळी वारा होता, आसपासचे तारे ईशान्येकडे किंचित लांबट झालेत. तो ठिपकाही. आमचा पेरणारा अख्ख्या चिपसाठी एकच सरासरी आकार वापरतो, त्यामुळे त्याचे ठिपके असे ताणले जात नाहीत. हे मला त्या दिवशी दिसायला हवं होतं. पण ठिपका इतका मंद आहे की तो ताण खरा की फोटोतल्या गोंगाटाचा, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पेरणाऱ्याचं म्हणणं, इतक्या मंद पातळीवर कुठलेही तीन डाग रेषेत येतात. येतातही.

पुढच्या मोसमात आकाशाचे फक्त दोन चौकोन पुन्हा घ्यायला मी वेळ मागितला. समितीचं उत्तर आलं: एका रात्रीचा पुरावा, प्राधान्य कमी. नवे प्रश्न विचारणाऱ्याला वेळ मिळतो, हरवलेलं शोधणाऱ्याला नाही. पुन्हा अर्ज करतेय. समितीने कच्च्या नोंदी मागवल्यात, त्यात शेऱ्याचा रकानाही जाईल. तो आता बदलता येत नाही. पडताळणीनंतर शेऱ्याला हात लावायचा नाही, हा नियम माझ्याच आग्रहाने झाला होता.