तुम्ही विचारलंत म्हणून: घशाला झोंबणारं तेल चांगलं कसं?

ऑलिव्ह तेलाबद्दल मला जे विचारलं जातं ते फिरून फिरून दोनच गोष्टींवर येतं. सगळी तेलं सारखीच लागतात, मग प्रकारांचं एवढं कौतुक कशाला? आणि तुम्ही ज्याची स्तुती करता त्यानं तर ठसका लागतो, ते खराब नसेल कशावरून? हसून उत्तर देऊन झालं, विषय बदलून झाला, चिडूनही झालं. आता एकदा नीट सांगते.

सारखी लागतात, कारण बहुतेकांनी चाखलेली तेलं खरोखरच सारखी असतात. बाटलीवर नुसतं 'ऑलिव्ह ऑइल' असेल तर ते रिफाइन्ड तेल, त्यात थोडंफार व्हर्जिन, म्हणजे रसायनांशिवाय नुसतं फळ चिरडून काढलेलं तेल, मिसळलेलं. रिफायनिंगमध्ये दोष जातात, तशी चवही जाते. 'लाइट' हे चवीपुरतंच, कॅलरी तेवढ्याच. 'पोमेस' हे फळातलं तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढतात. चवीबद्दल बोलायचं तर एक्स्ट्रा व्हर्जिनबद्दलच, म्हणजे व्हर्जिनमधल्या सगळ्यांत वरच्या दर्जाबद्दलच, बोलावं लागतं. त्यात मुक्त आम्लता, म्हणजे सुट्या झालेल्या मेदाम्लांचं प्रमाण, ०.८ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, शिवाय प्रशिक्षित चाखणाऱ्यांच्या गटानं ते निर्दोष ठरवावं लागतं. चाखून ठरवण्याची ही अट युरोपात १९९१ पासून नियमातच आहे. (ही आम्लता जिभेला कळत नाही. 'आम्लता कमी म्हणून चव सौम्य' असं कुणी सांगितलं तर खुशाल दुर्लक्ष करा. रंगावरूनही काही ठरत नाही. चाखणारे निळ्या काचेचा पेला वापरतात तो रंग दिसू नये म्हणूनच.)

आता झोंबण्याचं. ते जिभेवर नाही, घशात मागे झोंबतं, आणि त्याला कारण ओलिओकॅन्थल नावाचं द्रव्य. गॅरी ब्यूशॅम्प या संशोधकाला सिसिलीत ताजं तेल चाखताना जाणवलं, की आयबुप्रोफेन हे वेदनाशामक औषध पातळ स्वरूपात घेतल्यावर घशात झोंबतं ते असंच आणि तिथंच. त्यातून पुढे २००५ साली 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला: प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत हे द्रव्य आयबुप्रोफेनसारखंच काम करतं. बाटली जुनी होत जाते तसं ते कमी होतं. म्हणजे ठसका लागला तर तेल बिघडलेलं नाही, उलट अजून ताजं आहे. कडवटपणाचंही तसंच. चाखणाऱ्यांच्या तक्त्यात फळाचा वास, कडूपणा आणि तिखटपणा हे तिन्ही गुण म्हणून मोजले जातात.

हे सगळं मी आईला सांगितलं होतं. आईचं नाक असं, की पदार्थ बिघडायच्या आधी तिला कळतं. घरी सगळे जमले होते तेव्हा मी पेले मांडले. एकात इटलीच्या पुलियातल्या कोरातिना जातीच्या ऑलिव्हचं तेल, अगदी कडू-तिखट. एकात स्पेनच्या पिकुआल जातीचं. त्याला टोमॅटोच्या पानाचा वास येतो. एकात स्पेनमधल्याच कातालोनियाच्या आर्बेकिना जातीचं, गोडसर, बदामाच्या अंगानं जाणारं. आणि एकात शेगडीशेजारी उघडी राहिलेली जुनी बाटली. कुठल्या पेल्यात काय, ते कुणाला सांगितलं नव्हतं. तळहातावर पेला कोमट करा, वास घ्या, मग घोट तोंडात घेऊन दातांतून हवा आत ओढा, एवढंच सांगितलं. कोरातिनानं दोघांना ठसका लागला. पिकुआलला कुणी 'गवत' म्हणालं, आणि ते बरोबरच होतं: फळ चिरडताना त्यातली विकरं (एन्झाइम) अल्डिहाइडं नावाची जी वासाची द्रव्यं तयार करतात, त्यांचाच तो कापलेल्या गवतासारखा वास. आईनं शांतपणे चारही चाखले आणि शेवटच्या पेल्यावर बोट ठेवलं. "हे खरं तेल. बाकीची कच्ची वाटतात."

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, ते खवट आहे."

ती चिडली नाही. पेला पुन्हा हुंगला. मला त्यात मेणाच्या खडूंचा, जुन्या बदामांचा वास स्पष्ट येत होता. तिलाही येत असणार, फक्त तिच्या लेखी तेलाचा वास हाच. मग ती म्हणाली, "बरं, तुझ्या तक्त्यात खवट. पण मला आवडलं ते खोटं का?" कुणी हसलं नाही. उरलेल्या तीन पेल्यांना तिनं हात लावला नाही, आणि तेव्हापासून माझ्यासमोर ती कुठलंच तेल चाखत नाही.

मी खोटं बोलले नव्हते, हे आजही म्हणते. तेल खवट होतं. आणि आई एकटी नाही: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी ग्राहकांना तेलं चाखवली तेव्हा तज्ज्ञांनी वाखाणलेली कडू-तिखट तेलं अनेकांना नावडली होती. तेल चाखायला नव्यानं शिकत होते तेव्हाच्या मला हे सांगितलं असतं तर त्या 'मी'नं फटकन उत्तर दिलं असतं, की लोकांच्या जिभा बिघडल्यात, सुधारा. त्या 'मी'शी माझं आता पटत नाही. पण 'ज्याला जे आवडेल ते चांगलं' हेही मला म्हणवत नाही. शेतकरी कोवळी, हिरवी फळं उतरवतो तेव्हा तेल कमी निघणार हे त्याला माहीत असतं. तो कडवटपणा त्यानं मुद्दाम राखलेला असतो. त्याला 'कच्चं' म्हटलेलं मला लागतं. आईचं म्हणणं मात्र अजून खोडता आलेलं नाही.

तेव्हा 'कोणतं घेऊ' याचं उत्तर: कडू सोसत नसेल तर आर्बेकिना, किंवा लिगुरियाचं ताज्जास्का, दोन्ही सौम्य आणि दोन्ही खरी. ठसका चालत असेल तर कोरातिना, ग्रीसचं कोरोनेकी. ते वरून घाला, कारण वास तापवल्यावर उडून जातो. तळायला रिफाइन्ड पुरे. लेबलवर फळं काढल्याची तारीख शोधा, बाटली गडद काचेची आणि लहान घ्या, उघडल्यावर लवकर संपवा. आणि एवढं करूनही तुम्हाला ते शेगडीशेजारचंच आवडलं, तर कृपा करून मला विचारू नका.