घड की बाळी

सप्टेंबर सरत आला की आमच्या मामांच्या ओट्यावर द्राक्षाच्या काड्यांची मोळी येऊन पडते. गोडी छाटणीआधी, म्हणजे फळासाठीच्या छाटणीआधी, काडीवरचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) तपासून आणायचे असतात. यंदा पिंपळगावला मीही सोबत गेले. तिथल्या पोराने ब्लेडने डोळा चिरला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. "नाना, हा बाळीवर गेलाय." म्हणजे यातून घड नाही, आधाराला गुंडाळणारा नुसता तणावा निघणार.

खरड छाटणी, म्हणजे फळ उतरल्यानंतरची, एप्रिलमधली. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत डोळ्यातला एक ठिपका घड व्हायचा की नुसती बाळी, हे ठरून जातं. ढगाळ हवा राहिली, पानांची गर्दी झाली, की बाळी. "आपण फवारे मारत बसतो, वेल आत ठरवून मोकळी," मामा म्हणाले.

मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे माझं डोकं भलतीकडेच गेलं. अस्थिमज्जेतली कोवळी पेशीही अशीच. तिच्याकडे वीसेक हजार जनुकं, शेजारणीकडेही तीच. (बी आणि टी पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पुढे स्वतःच्याच काही जनुकांची काटछाट करतात, ती गोष्ट वेगळी.) मग एक बी पेशी होते, दुसरी जंतू गिळणारी भक्षक पेशी, ते कशावरून? कुठलं जनुक वाचायचं नि कुठलं मिटून ठेवायचं, हे ठरवणारी प्रथिनं डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात; त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. त्यातल्या पीयू-१ची तऱ्हा मला फार आवडते. उंदरांच्या पेशींत ते थोडं असलं तर कल बी पेशीकडे, भरपूर असलं तर भक्षक पेशीकडे. प्रथिन तेच, फरक मापाचा. जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड या वाढीच्या संजीवकाच्या) फवाऱ्यात माप चुकलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

परतताना मामांना पॅक्स-५ची गोष्टही सांगितली. बी पेशीला बी पेशीच ठेवणारा हा राखणदार. २००७ साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी उंदरांच्या पुरत्या वाढलेल्या बी पेशींतून तो काढला, तर त्या पुन्हा कोवळ्या झाल्या आणि त्यांतून चक्क टी पेशी निघाल्या.

मामांनी गाडीचा वेग कमी केला. "म्हणजे बाळीचा पुन्हा घड होईल?"

"ते उंदरांचं आहे, मामा."

"हं." थोड्या वेळाने म्हणाले, "तिसऱ्या-चौथ्यात नाही, पण सहाव्या डोळ्यात घड दिसलाय. ओढ्याकडच्या प्लॉटला काडी लांब ठेवू."