न्यूबर्गची सभा

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची गोष्ट आपण सहसा यॉर्कटाउनला संपवतो. १७८१ मध्ये कॉर्नवॉलिस तेथे शरण आला आणि पुढे तोच आपल्याकडे गव्हर्नर-जनरल होऊन आला, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मला मात्र त्यानंतरचा, एकही गोळी न झाडता निभावलेला प्रसंग अधिक मोलाचा वाटतो.

मार्च १७८३ मध्ये ब्रिटनशी तहाची बोलणी सुरू असताना अमेरिकन सैन्याचा तळ हडसन नदीकाठी न्यूबर्गजवळ होता. अधिकाऱ्यांचे पगार महिनोन्महिने थकले होते, आणि कर बसवण्याचा अधिकारच नसलेल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन राज्यांच्या प्रतिनिधीसभेच्या, तिजोरीत खडखडाट होता. अशात छावणीत एक निनावी पत्रक फिरले: काँग्रेस दाद देत नसेल, तर तह झाल्यावरही शस्त्रे खाली ठेवू नयेत. १५ मार्चच्या अधिकाऱ्यांच्या सभेत सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन अनपेक्षितपणे हजर झाले. त्यांनी लिहून आणलेले भाषण वाचले, तरी नाराजी ओसरली नाही. मग ते काँग्रेसच्या एका सदस्याचे पत्र वाचू लागले, अडखळले, आणि खिशातून चष्मा काढत, तुमच्या सेवेत केस पिकले आणि आता दृष्टीही मंदावली, अशा अर्थाचे काही बोलले. त्यांना चष्म्यात फारसे कुणी पाहिलेच नव्हते. कित्येकांचे डोळे पाणावले आणि सभेने काँग्रेसवर विश्वास व्यक्त करणारा ठराव केला.

मी मुलुंडला राहतो. हे गाव ज्या साष्टीत येते, ती १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडेच राहिली, आणि त्या तहात मध्यस्थी करणाऱ्या महादजी शिंद्यांचे वजन पुढे वाढले ते त्यांच्या फौजेच्या बळावर. ज्याची फौज त्याची सत्ता, हा त्या काळाचा रिवाज होता. म्हणूनच २३ डिसेंबर १७८३ रोजी विजयी सेनापतीने अ‍ॅनापोलिसला जाऊन काँग्रेसपुढे आपले पद सोडले, हे मला असामान्य वाटते.

पण अधिकाऱ्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. काँग्रेसने त्यांना आजन्म अर्ध्या वेतनाऐवजी पाच वर्षांचे पूर्ण वेतन मंजूर केले, तेही रोख नव्हे, कर्जरोख्यांत. गरजेपोटी अनेकांनी ते रोखे सट्टेबाजांना कवडीमोलाने विकले. १७९० मध्ये सरकारी कर्ज फेडण्याची अर्थमंत्री हॅमिल्टन यांची योजना आली, तेव्हा रोखे विकून बसलेल्या मूळ धारकांनाही वाटा मिळावा अशी सूचना प्रतिनिधीगृहाचे सदस्य मॅडिसन यांनी मांडली. सभागृहाने ती फेटाळली आणि लाभ रोखे विकत घेणाऱ्यांच्या पदरात पडला.