पाठ असलं तरी पुस्तक उघडतो

विमान दुरुस्तीचं काम पाठ असूनही मी पुस्तक का उघडतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सुट्टीला वडगावला आलो की हा प्रश्न ठरलेलाच. परवा बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप चालवणाऱ्या मामांनीही तोच विचारला, "काय रे, इतकी वर्षं विमानावर काम करतोस आणि अजून पुस्तक बघून बोल्ट आवळतोस? आमचा मेस्त्री बघताबघता इंजिन खोलतो की."

मेस्त्रीच्या हाताबद्दल मला शंका नाही. पान्हा धरायला मी त्यांच्याकडेच शिकलो. शंका आहे ती आठवणीची आणि नजरेच्या अंदाजाची.

१० जून १९९०. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान १७ हजार फुटांवर असताना कॅप्टनसमोरची काच उडाली. कॅप्टन निम्मे बाहेर ओढले गेले, सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले. विमान साउदॅम्प्टनला उतरलं, सगळे वाचले. आदल्या दिवशी पहाटे ती काच बसवणारा शिफ्ट मॅनेजर अनुभवी होता. नवे बोल्ट त्याने जुन्या बोल्टाशी नजरेने जुळवले. ९० पैकी ८४ बोल्ट सुमारे ०.६६ मिलिमीटरने बारीक निघाले. आणि त्या कामावर दुसऱ्या माणसाची तपासणी सक्तीची नव्हती.

आमच्याकडे डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, लायसन्स लागतं. इंजिन-यंत्रणेला बी-१, एव्हियॉनिक्सला, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला, बी-२. त्यावर प्रत्येक जातीच्या विमानाचं प्रशिक्षण वेगळं. एवढं करूनही काम पाठांतरावर करायचं नाही, कारण मॅन्युअल, म्हणजे तेच पुस्तक, सुधारत राहतं. मागच्या वेळचा टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा, आकडा आज तोच असेल असं नाही. कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या टास्क कार्डावर पायरी झाली की तिथेच सही. कंट्रोल सर्फेसच्या, म्हणजे विमान वळवणाऱ्या पंख-शेपटीच्या हलत्या भागांच्या, जोडणीला हात लावला तर दुसरा अधिकृत माणूस ती स्वतंत्रपणे तपासतो. माझ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही म्हणून.

एकदा रात्री हत्यारं मोजताना एक सॉकेट कमी भरला. सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही, म्हणजे नाही. आम्ही उघडलेली पॅनेलं पुन्हा उघडली, पहाटे तो एका खाचेत मिळाला. त्या रात्रीचा उशीर मला आजही योग्य वाटतो.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. चहा संपवला आणि म्हणाले, "शून्य पॉइंट सहासष्ट म्हणजे आमच्यात लई झालं. जाडी मोजायला मायक्रोमीटर आहे की ड्रॉवरमध्ये. पण घाईत असलं की कोण काढतंय?"