पावती फाडायची नाही, कोर्टात यायचं

आत्या पहिल्यांदाच अमेरिकेत येत होती. विमान वेळेवर उतरलं होतं आणि मी अजून घरीच होतो. व्हर्जिनियातलं डलस विमानतळ आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, म्हणून निवांत चहा पिऊन निघालो आणि मग ती चहाची दहा मिनिटं रस्त्यावर वसूल करायला लागलो. रविवारची सकाळ होती, रस्ता मोकळा. मागे लाल-निळे दिवे दिसले तेव्हा वाटलं, ॲम्ब्युलन्स असेल, तिला वाट द्यावी. मी बाजूला झालो. मागचा दिवाही बाजूला झाला.

गाडी थांबली तसा माझा हात आपोआप दाराकडे गेला. नागपूरच्या व्हरायटी चौकात वाढलेला माणूस पोलिसानं थांबवल्यावर गाडीत बसून राहूच शकत नाही. उतरायचं, हेल्मेट असलंच तर काढायचं, दोन पावलं पुढे होऊन "साहेब, जाऊ द्या ना, इथंच राहतो" सुरू करायचं, हे आपल्या अंगातच भिनलेलं आहे. इथं असं उतरलात तर समोरचा घाबरतो, आणि त्याच्या कमरेला पिस्तूल असतं. इथल्या मराठी मित्रांनी हे पहिल्याच महिन्यात बजावून ठेवलं होतं म्हणून वाचलो. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून शाळकरी पोरासारखा बसलो.

मर्यादा ताशी ५५ मैलांची होती, मी ७८ वर होतो. आपल्या हिशेबात ८८ किलोमीटरच्या जागी सव्वाशे. मी विचारलं, दंड किती? त्यानं अगदी शांतपणे सांगितलं की हे दंड भरून मिटणारं प्रकरण नाही, या कागदावर जी तारीख आहे त्या दिवशी कोर्टात यायचं. कागदावर सही करायला माझा हात धजेना. सही म्हणजे गुन्हा कबूल, अशी आपली समजूत. ती फक्त हजर राहण्याची हमी असते. ते त्यानं दोनदा समजावलं, तेव्हा कुठे मी पेन उचललं.

आरोप होता 'रेकलेस ड्रायव्हिंग', म्हणजे बेदरकार गाडी चालवणं. मला वाटत होतं की त्यासाठी निदान नागमोडी तरी चालवावं लागतं, नाहीतर दारू तरी प्यावी लागते. व्हर्जिनियात तसं नाही. मर्यादेपेक्षा वीस मैल जास्त किंवा कुठल्याही रस्त्यावर ताशी ८५ मैलांच्या वर गेलात, की नुसता वेगच बेदरकार ठरतो. कुणाला धक्का लागलेला असो वा नसो. मुलं चढत-उतरत असताना थांबलेल्या शाळेच्या बसला ओलांडून गेलात तरी हाच आरोप. हा रहदारीचा साधा नियमभंग नाही, फौजदारी गुन्हा आहे. बारा महिन्यांपर्यंत कैद, अडीच हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत लायसन्स बंद, आणि गाडी चालवण्याच्या नोंदीवर अकरा वर्षं डाग. बाकी बऱ्याच राज्यांत इतक्या वेगाला नुसता दंड भरून सुटका होते. इथं तर पोलिसांचं रडार हुडकणारं यंत्र गाडीत लावणंही बेकायदा आहे.

आत्या दीड तास विमानतळावर बॅगेवर बसून होती. तिला मी 'ट्रॅफिक लागला' असं सांगितलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

रात्री बाबांना फोन केला. ते नागपुरात मानेवाड्यात, मी इकडे ॲशबर्नमध्ये, तरी असलं काही झालं की पहिला फोन त्यांनाच जातो. ते हसायलाच लागले. "सव्वाशे? अरे, समृद्धीवर तर एकशेवीसची परवानगीच आहे. पाच किलोमीटरसाठी कोर्ट?" मग स्वतःच थांबले. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ जी बस पेटली, ती नागपूरहूनच पुण्याला निघाली होती. २५ माणसं गेली. आमच्या घरात समृद्धीचा विषय निघाला की बोलणं तिथं येऊन अडखळतं.

पुढच्या आठवड्यात पत्रपेटी भरून वाहू लागली. इथं कोर्टातली प्रकरणं सगळ्यांना पाहता येतात, म्हणून वकील स्वतःच शोधून पत्रं पाठवतात. मला चौदा आली. बायकोनं ती फ्रिजवर चिकटवून ठेवली. एक वकील केला. त्यानं मला आठ तासांचा ड्रायव्हिंगचा वर्ग करायला लावला आणि गाडीचा स्पीडोमीटर तपासून आणायला सांगितलं, काटा चुकीचा दाखवत असेल तर तेवढीच सूट मिळते म्हणून. काटा बरोबर होता. खरी धास्ती दंडाची नव्हतीच. व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न असतो, कधी अटक झाली आहे का, कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरला आहात का. पंधरा वर्षं त्या प्रश्नासमोर 'नाही' लिहिताना माझी नजरसुद्धा तिथं रेंगाळली नव्हती.

कोर्टात माझ्याआधी दवाखान्याच्या गणवेशातली एक नर्स होती, रात्रपाळी संपवून थेट आलेली. तिच्यामागे कॉलेजचा एक पोरगा, आई शेजारी. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, जास्त नाही. आणि ज्या पोलिसानं मला अडवलं होतं तो स्वतः वही घेऊन हजर होता. रस्ता कुठला, मी कुठल्या लेनमध्ये होतो, रडारवर काय आकडा आला, सगळं त्यानं वाचून दाखवलं. न्यायाधीशांनी माझी जुनी नोंद पाहिली, वर्गाचं प्रमाणपत्र पाहिलं आणि आरोप खाली आणून 'अयोग्य ड्रायव्हिंग'वर ठेवला. तो गुन्हा नाही, नियमभंग आहे. दंड भरून बाहेर आलो तर पायऱ्यांवर ती नर्स फोनवर कुणाशी तरी बोलत होती आणि रडत होती. तिचं काय झालं ते विचारायचा धीर झाला नाही.

व्हर्जिनियाचा हा कायदा सतत कडकच होत गेला, असंही नाही. २०२० च्या जुलैपर्यंत ८० मैल ओलांडले की गुन्हा होता, मग ती रेघ ८५ वर नेली, कारण ७० ची मर्यादा असलेल्या महामार्गावर ८१ नं जाणारा माणूस गुन्हेगार ठरत होता. त्यानंतर २०२५ मध्ये आणखी एक कायदा झाला, १ जुलै २०२६ पासूनचा. बेदरकार चालवणाऱ्याच्या गाडीत न्यायाधीश असं यंत्र बसवायला लावू शकतात, जे उपग्रहावरून त्या रस्त्याची मर्यादा ओळखतं आणि गाडीला तिच्यापुढे जाऊच देत नाही. तिकडे विस्कॉन्सिननं २०२३ मध्ये वेगळीच नस पकडली. बेदरकार चालवल्याचा आधीचा दंड थकलेला असताना मालकानं पुन्हा तसंच चालवलं, तर शहराला त्याची गाडीच उचलून नेता येते. हे वाचल्यावर मला आपली ई-चालानं आठवली.

आपल्याकडचं कलमही मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४. धोकादायक चालवल्याबद्दल पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. म्हणजे कैदेची वरची मर्यादा व्हर्जिनियाइतकीच! २०१९ ची ती दुरुस्ती आणणारे रस्तेमंत्री आपल्याच गावचे, आणि वाढीव दंड लागू करायला महाराष्ट्रानं २०२१ चा डिसेंबर उजाडू दिला. बाबांना कलम वाचून दाखवलं. म्हणाले, "हाव का? माझ्या ओळखीचा तर कोणी गेलेला नाही."

तिथंच तर घोडं पेंड खातं. २०२४ च्या फेब्रुवारीत नागपूरच्या रामझुला पुलावर रात्री कारनं दोन तरुणांना उडवलं, तेव्हा सुरुवातीला जामीनपात्र कलम लागलं आणि गावभर आरडाओरडा झाला. नव्या न्याय संहितेत निष्काळजीपणानं जीव घेतल्यास दोनाऐवजी पाच वर्षांपर्यंत शिक्षा केली, तेही बरंच झालं. पळून जाणाऱ्याला दहा वर्षं, हे पोटकलम मात्र जानेवारी २०२४ मधल्या ट्रकवाल्यांच्या संपानंतर बाजूला ठेवलं गेलं. पण हे सगळं माणूस मेल्यानंतरचं. त्याच्या आधी, कुणी मेलेलं नसताना, बेदरकार चालवणारा एकदा तरी न्यायाधीशासमोर उभा राहतो का? मला जी भीती वाटली ती बारा महिन्यांच्या कैदेची नव्हती. मला ठाऊक होतं की तो वहीवाला पोलीस येणार आणि मलाही जावंच लागणार. आपल्याकडे तेवढ्या वेळात मोबाईलवर मेसेज येतो, तोही गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला, आणि तो लोकअदालतीत काही सूट मिळते का याची वाट पाहत बसतो.

आमच्या घरी गाडी बाबांच्या नावावर आहे. चालवतो पुतण्या, वय सतरा. तीन चालानं आली, एकात मागे दोन मित्र बसलेले, फोटोत तिघंही हसताहेत. बाबांनी गुपचूप भरून टाकली. मी त्यांना कलम १९९ अ सांगितलं. अल्पवयीन पोरानं गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी आपल्याकडे फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी चालते, आणि तसली गाडी आता दुकानात शोधूनही मिळायची नाही. बाबा बराच वेळ गप्प होते. "म्हणजे केस माझ्यावर? मी तर आयुष्यात चाळीसच्या वर गेलो नाही." खरं आहे. मला चौदाव्या वर्षी रेशीमबागेच्या मैदानात चेतक शिकवली तीही त्यांनीच, आणि तेव्हाही मागे बसून चाळीसच्या खालीच ठेवायला लावली होती. लायसन्सबद्दल मात्र आम्ही दोघंही काही बोललो नव्हतो.

मागच्या महिन्यात मी पुन्हा कोर्टात गेलो, या वेळी लेकीसाठी. व्हर्जिनियात साडेपंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो, मग निदान नऊ महिने आणि पंचेचाळीस तास मोठ्या माणसासोबत चालवायचं, त्यातले पंधरा तास अंधार पडल्यावर. आणि अठराच्या आतल्या मुलांना पक्कं लायसन्स कोर्टात, न्यायाधीशांसमोर समारंभ करून देतात, आईबाप शेजारी असायलाच हवेत. लेकीनं लायसन्स घेतलं आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "बाबा, तू यांना आधी भेटलायस ना?" न्यायाधीश दुसरे होते, पण मान खाली गेलीच.

घरी येऊन मानेवाड्याला व्हिडिओ कॉल लावला. लेकीनं लायसन्स कॅमेऱ्यासमोर धरलं. बाबा घाबरून गेले, "कोर्टात नेलं होतं म्हणते? काय केलं पोरीनं?" समजावून सांगता सांगता आमची पुरेवाट झाली. गाडीची चावी आता आईच्या देवघराच्या खणात असते. पुतण्या क्लासला 'आपली बस'नं जातो, आणि गेले दोन रविवार मी फोन केला की तो घरात असूनही बोलायला येत नाही.