७९ अंशावरचं लंडन आणि फसलेला संगमरवर

जुलै महिना, अंगावर तीन थर कपडे, वर जॅकेट, तरी नाक जागेवर आहे ना ते मी चाचपून बघत होतो. नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक महासागरातल्या स्वालबार्ड बेटांवरचा, ७९ अंश उत्तर अक्षांशाजवळचा कोंग्सफ्योर्ड. फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी. पाण्यात हिमनदीचे तुकडे तरंगत होते आणि ते सतत तडतडतात, अगदी मोहरी फुटल्यासारखे, बर्फात अडकलेली जुनी हवा सुटते म्हणे.

रबरी बोटीने आधी ब्लोमस्ट्रांडला उतरलो. नकाशात याला द्वीपकल्प म्हणायचे, मग हिमनदी मागे हटली आणि कळलं की अरे हे तर बेट आहे! इथे अर्नेस्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाला संगमरवर सापडला, त्याने लंडनच्या लोकांकडून पैसा उभा केला आणि १९११ च्या आसपास क्रेन, बॉयलर, रूळ, घरं असं सगळं जहाजाने इथे आणलं. जागेचं नावही न्यू लंडन. दगड दिसायला एक नंबर, पण हजारो वर्षं पाणी फटीत शिरून गोठत आलेलं, त्यामुळे आतून तडेच तडे, गोठलेला असेपर्यंत धरून राहायचा आणि उबेत गेला की सुटायचा. धंदा बुडाला, दुसरं काय.

बॉयलर अजून तिथेच आहे, पत्र्याला इतका गंज की बोट लावलं तर पोपडा निघेल. लावलं नाही, कारण १९४६ च्या आधीचं सगळं इथे आपोआप संरक्षित, खिळासुद्धा उचलायचा नाही. आईच्या देवघरासाठी एक पांढरा खडा मनात भरला होता, पण आमची गाईड खांद्यावर रायफल (अस्वलासाठी हो!) घेऊन माझ्याकडेच बघत होती.

घरं मात्र लाकडी, ती वाया गेली नाहीत. त्यातली काही नंतर फ्योर्डपलीकडे न्यू ऑलसुंडला नेली. ते कोळशाच्या खाणीचं गाव. ५ नोव्हेंबर १९६२ ला खाणीत स्फोट होऊन २१ जण गेले, खाण कायमची बंद झाली आणि त्यावरून पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकारही पडलं. आता तिथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ राहतात, त्यात आपलं, म्हणजे भारताचं, हिमाद्री हे संशोधन केंद्रही आहे, २००८ पासून, कारभार गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून. पाटी बघून उगाच छाती फुगली, चार फोटो काढले, पण मोजमापाच्या यंत्रांना त्रास नको म्हणून गावात वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवायचं, त्यामुळे घरच्या ग्रुपवर टाकायला रात्र झाली. रात्र म्हणजे घड्याळातली, सूर्य होताच.