आईची बोरमाळ

आई जाऊन चौदा महिने झाले. गेल्या महिन्यात दादा, मी आणि धाकटी, तिघांनी मिळून तिचा लॉकर उघडला. बँकेने साक्षीदारांसमोर यादी केली: ‘पिवळ्या धातूच्या पाटल्या, दोन. मोत्यांची नथ, एक. पिवळ्या धातूची माळ, एक.’ आईच्या बोरमाळेचं हे नाव वाचून पोटात तुटलं.

नॉमिनी दादा. दिवसकार्याला आलेले काका म्हणालेच होते, "सोनं आता दादाचं." दादालाही तसंच वाटत होतं, त्यात लबाडी अजिबात नव्हती. पण वस्तू कुणाच्या हाती द्यायची एवढंच त्या नावाने ठरतं, मालकी वारसांची. आईने मृत्युपत्र केलं नव्हतं, बाबा आधीच गेलेले, म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तिघांना सारखा वाटा, लग्न झालेल्या लेकींनाही. हे वकिलांनी सांगितलं ते बरं झालं. माझ्या तोंडून आलं असतं तर दादाला लागलं असतं.

मग सोनाराकडे गेलो. वजनावर तीन वाटे करायचे, असं आमचं सरळ ठरलेलं. आईच्या जुन्या चिठ्ठीत ‘पाटल्या ४ तोळे’ लिहिलेलं, काटा मात्र ४६ ग्रॅमच्या वर गेला. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. सोनार म्हणाले, हल्ली आपण १० ग्रॅमला तोळा म्हणतो, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आईची चिठ्ठी बरोबर होती.

बोरमाळ काट्यावर चांगली भरली. त्यांनी एक मणी भिंगाखाली धरला. बारीक तडा गेलेला, आत तांबूस काहीतरी. "ताई, बोरं पोकळ असतात, आत लाख भरतात. आत्ता वजनात लाखही आली. सोनं किती, ते आटवल्यावरच कळेल." म्हणजे ज्याच्या वाट्याला बोरमाळ, तो वजनात फसणार. आणि आटवायची तर आम्हा कुणाचीच तयारी नव्हती. नथीचं तर वजन करून उपयोगच नाही, तिचं मोल मोत्यांत.

ती नथ आईने वहिनीला दिलेली, पुतण्याच्या मुंजीत. कार्य झाल्यावर जपून राहावी म्हणून पुन्हा लॉकरमध्ये ठेवली. कागदावर कुठेच काही नाही. वहिनी एक शब्द बोलली नाही, धाकटीनेच ती तिच्या हातात ठेवली. बोरमाळ धाकटीला गेली, लाखेचा अंदाज धरून. ज्याला जे कमी पडलं ते पैशांनी भरून काढलं आणि तिघांनी कागदावर सह्या केल्या.

दादाला कराची काळजी होती. वारशाने सोनं आलं म्हणून कर लागत नाही. उद्या मोडलं तर नफ्यावर लागतो, आणि २००१ च्या आधीच्या दागिन्यांना १ एप्रिल २००१ चा भाव खरेदीची किंमत म्हणून धरता येतो. म्हणून आईची चिठ्ठी आणि जुन्या पावत्या जपून ठेवल्यात.

घरी आल्या आल्या मी माझ्या दागिन्यांचे फोटो काढले. प्रत्येकाखाली वजन, कुणाकडून आला, कुणाला द्यायचा. मृत्युपत्रही लिहिलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घेणार आहे. लेकीला म्हटलं, आत्ताच वाच आणि काय खटकतंय ते मला सांग.

आईचं चांदीचं ताम्हण अजून वाटायचं राहिलंय. तिघांनाही हवंय. तोवर ते दादाच्या देवघरात.